बडोद्याच्या पावसाला थांबायला जागा हवी

ज्यांच्या तीन-चार पिढ्या बडोद्यात गेल्या त्यांना विश्वामित्रीच्या पुराचे नवल नाही. परंतु ३१ जुलै २०१९ रोजी चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांपलीकडे मजल मारली आणि मगरी वसाहतींच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. तेव्हापासून पुराची चर्चा म्हणजे केवळ नदीची चर्चा, असे समीकरण होऊन बसले आहे. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी शहरातील पात्र खोदण्याचे व रुंद करण्याचे मोठे काम झाले. त्याची चिकित्सा जाणकार करतीलच. मला येथे नदीआधीच्या पाण्याविषयी लिहावयाचे आहे. ते आपल्या गच्चीवरून, दवाखान्याच्या आवारातून, सोसायटीच्या रस्त्यावरून वाहत जाते. त्या वाटेचा विचार मात्र आपण जवळजवळ सोडूनच दिला आहे.

महापूर काही वर्षांनी येतो. अलकापुरीचे गरनाळे मात्र साध्या जोरदार सरीनेही तुंबते. तेथे विश्वामित्रीचा दोष नसतो. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांवर पडलेले पाणी एकाच वेळी गटाराकडे धाव घेते, आणि गटार ते सामावू शकत नाही, एवढेच.

हे शहर पूर्वी असे नव्हते. आपल्या मराठी घरांतही गुजरातीतला ‘कांस’ हाच शब्द रूढ आहे. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावे जुन्या मंडळींना परिचित असतील. शेतांतून, वस्त्यांमधून पावसाचे पाणी नेणारे हे उघडे प्रवाह. त्यांच्या जोडीला ठिकठिकाणचे तलाव आणि नदीकाठची कोतरे. पाणी मध्येच थांबे, पसरे, मुरे आणि उरलेले सावकाश नदीला मिळे. शहर वाढले तसे कांसांचे मार्ग कोठे आकसले, कोठे स्लॅबखाली गेले; काही कोतरांत भराव पडला. तलावांचे ‘सुशोभीकरण’ झाले. या शब्दाची मला आता धास्तीच वाटते. काठावर भिंत, फरसबंद पायवाट, रात्री रोषणाई. पण आजूबाजूच्या वस्तीचे पाणी आत येण्याची तोंडे जर बुजली, तर तो तलाव राहत नाही, नुसता हौद होतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राचे रक्षण करण्याचा आदेश दिला, त्यामागील तत्त्व हेच आहे की नदीला पसरण्याची जागा हा नदीचाच भाग असतो.

अन्य देशांनी हा धडा ठेच लागल्यावरच घेतला. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगन ढगफुटीने बुडाले. त्या शहराने केवळ मोठे पाइप टाकण्याऐवजी उद्याने, चौक आणि काही रस्तेच असे आखावयास घेतले की अतिवृष्टीच्या वेळी पाणी तेथे साठावे आणि ओसरल्यावर मुले पुन्हा खेळावीत.

आपल्या आवाक्यातले गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. इमारत आणि पार्किंग मिळून हजार चौरस मीटरचे रुग्णालय असेल, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर पंचवीस हजार लिटर पाणी पडते. त्या आवाराच्या दहाव्या भागात वीतभर खोलगट, झाडे लावलेली जागा ठेवली, तर यातील बहुतेक पाणी तेथेच मावते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काळी चिकण माती आहे व ती पाणी लवकर पीत नाही. म्हणून ती काढून वाळू व खतमिश्रित माती भरावी, तळाशी छिद्रांचा पाइप घालून तो गटारास जोडावा आणि वर वाळा, कर्दळ यांसारखी ओल व कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावावीत.

येथे वैद्यकीय व्यावसायिक एक आक्षेप हमखास घेतील, आणि तो घ्यावयासच हवा: साचलेले पाणी म्हणजे डास. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. नीट बांधलेल्या खोलगट बागेतील पाणी एक-दोन दिवसांत मुरलेच पाहिजे. ज्या बागेत ते चौथ्या दिवशीही दिसते, ती चुकीची बांधली आहे असे समजून दुरुस्त करावी. खरी पैदास होते ती झाकणाखाली तुंबलेल्या गटारात, गच्चीवरच्या भंगारात आणि बांधकामांच्या टाक्यांत. तेथे कोणाची नजर जात नाही. शिवाय रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून अनवाणी चालणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका राहतो, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

पाझर-विहिरींबाबत मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. गच्चीचे पाणी गाळून विहिरीत सोडणे ठीक. पार्किंगमधील तेल, कचरा व सांडपाणी मिसळलेले पाणी थेट भूजलात सोडणे म्हणजे आपल्याच कूपनलिकेत घाण ओतणे होय. ते आधी मातीतून व मुळांतून गेले पाहिजे.

या उपायांनी २०१९ सारखा पाऊस पचणार नाही. पावागढ-आजव्याकडून येणारा लोंढाही अडणार नाही. त्यासाठी धरणांचे दरवाजे, पूर्वसूचना आणि पूरक्षेत्रातील बांधकामांस पायबंद हेच हवे. परंतु वर्षातून अनेकदा येणाऱ्या मध्यम सरींचे पाणी तासभर उशिरा गटारात गेले, तरी गरनाळ्यात अडकलेली रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू शकते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून या शहराला पिण्याचे पाणी दिले, ते राजसत्तेचे काम होते. पार्किंगमधील चार ओळी फरशी उखडण्यास राजसत्ता लागत नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांची स्वतःची रुग्णालये आहेत. त्यांतील पाच-सहांनी येत्या पावसाळ्याआधी असा प्रयोग करावा, आणि किती दिवसांत पाणी मुरले, अळ्या सापडल्या की नाहीत, याची नोंद ठेवावी. आणि प्रत्येकाने आपल्या वॉर्ड कचेरीत जाऊन एवढे विचारावे: आमच्या भागातील कांस नकाशावर कोठे आहे, आणि तिचे तलावाकडील तोंड आज उघडे आहे का?