पहिले पाऊल कोणाचे?

दिवाळीच्या चार दिवसांत आपण एकमेकांना शुभेच्छा देतो त्या सुखाच्या, समृद्धीच्या, आरोग्याच्या. धैर्याची शुभेच्छा कोणी कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही. धैर्य ही वस्तू सीमेवरच्या जवानाने बाळगावी, आपल्यासारख्या संसारी माणसांचे काम ओळखीने भागते, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणूनच महाराष्ट्रात सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न 'काय करू?' हा नाही. 'तिथे आपले कोणी आहे का?' हा आहे. मुलाला शाळेत घालायचे आहे, आपले कोणी आहे का? म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात खाट हवी आहे, आपले कोणी आहे का? तहसील कचेरीतून साधा दाखला आणायचा आहे, तरी चौकशी तीच. दाखल्यासाठी कागद कोणते लागतात, हे विचारणारा शंभरांत एखादाच.

या वृत्तीविरुद्ध मला चार कडक शब्द लिहायचे आहेत. पण त्याआधी एक गैरसमज दूर करतो. 'जो तो आपल्या पायावर उभा राहील, कोणी कोणाकडे पाहू नये' असा उपदेश करणाऱ्या मंडळींचा मी वकील नाही. हा उपदेश बहुधा वडिलार्जित वाड्याच्या ओसरीवर बसून केला जातो, आणि ऐकणाऱ्याला राहायला स्वतःचे छप्परही नसते. माणूस माणसाच्या आधारानेच जगतो. जन्मल्यावर पहिली आंघोळ आपण स्वतः केलेली नसते आणि शेवटची यात्राही स्वतःच्या पायांनी होत नाही. तेव्हा आधार घ्यावा की घेऊ नये, हा वादच नाही. वाद आहे तो पहिले पाऊल कोणी टाकायचे याचा. स्वतः पाऊल टाकल्यावर मिळते ती सोबत. पाऊल टाकण्याआधीच शोधला जातो तो टेकू. सोबतीने माणूस चालतो. टेकूने भिंत उभी राहते, पण ती चालत नाही.

हे पटवण्यासाठी दूरदेशीच्या थोर पुरुषांच्या कथा सांगायची जरुरी नाही. नगर जिल्ह्यातला राहुरीचा टापू घ्या. मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या अंगाखांद्यावरचा हा मुलूख. इथे आणि इथून हाकेच्या अंतरावर, दोन शतकांच्या अवधीत, तीन माणसे अशी होऊन गेली की त्यांच्यापुढे आपला 'आपले कोणी आहे का?' हा प्रश्न लाजून उभा राहावा.

पहिला माणूस ताहाराबादचा कुलकर्णी. संतचरित्रकार महिपती (1715 ते 1790) राहुरी तालुक्यातील याच गावचे. कुलकर्णीपण वंशपरंपरेचे, म्हणजे त्या काळी पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकरीची सोय. परंपरेने सांगितली जाते ती हकिकत अशी: महिपती पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हटले, तर तो वाटेल तसे बोलला. महिपती उठले, कचेरीत गेले, हातचे काम पुरे केले, घरी आले आणि कानावरची लेखणी काढून विठ्ठलापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी संतांखेरीज कोणाच्या चाकरीत चालणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.

ही हकिकत कीर्तनात भक्तीची म्हणून सांगतात. मला ती धैर्याची वाटते, आणि तीही दोन अंगांनी. एक तर महिपतींनी रागाच्या भरात काम अर्धवट टाकले नाही. ते पुरे केले आणि मग सुटले. दुसरे म्हणजे लेखणी खाली ठेवण्याआधी त्यांनी दुसरा जहागीरदार शोधून ठेवला नव्हता. आजचा शहाणा माणूस आधी नव्या नोकरीचा कागद खिशात टाकतो आणि मग जुन्या ठिकाणी स्वाभिमान दाखवतो. व्यवहाराला ते ठीक असेल; त्याला धैर्य म्हणू नये, एवढेच. आणि पुढे पाहा. याच माणसाने 1762 साली 'भक्तविजय' सिद्ध केला तेव्हा नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार घेतल्याचे उघड सांगितले. आधाराची त्यांना लाज नव्हती. लाज वाटावी अशी गोष्ट फक्त लाचारी, ती त्यांनी विठ्ठलापुढे ठेवून दिली होती.

दुसरी एक बाई. लक्ष्मीबाई टिळक. 1868 साली जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याने घरीच अक्षरओळख करून दिलेली. नवरा बुद्धिमान कवी, पण लहरी. केव्हा घरातून उठून कुठे जाईल याचा नेम नाही. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही बाई लहानग्या मुलासह एका रात्रीत निराधार झाली. सोवळ्याओवळ्याच्या कडेकोट घरात वाढलेल्या बाईवर ही वेळ! नातलगांचा आश्रय घ्यावा तर त्यांच्या मताने चालावे लागणार. नवऱ्याकडे जावे तर जन्माचे संस्कार सोडावे लागणार. दोन्हीकडे टेकू तयार होते, आणि दोन्हींची किंमत एकच होती, स्वतःचे मन गहाण टाकणे.

लक्ष्मीबाईंनी ते टाकले नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे आपल्याबरोबर घेऊन. टिळकांनीही बळजबरी केली नाही, हे त्यांचे मोठेपण. हे कुटुंब नगरला राहिले, काही काळ राहुरीलाही राहिले. पुढे जातिभेद लक्ष्मीबाईंच्या मनातून गेला तो नवऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे. देवाने माणसे केली, जाती कुठे केल्या, असा विचार त्यांचा त्यांनीच केला आणि मग धर्मांतराचा निर्णयही त्यांचा त्यांनीच घेतला. धर्म कोणता बरा, या वादात मला शिरायचे नाही. निर्णय कोणाचा, एवढेच मला पाहायचे आहे. 1919 साली टिळक गेले. त्यांच्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय या बाईने लिहिले. आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीला असे आत्मचरित्र दिले की पदव्यांची भेंडोळी बाळगणाऱ्यांनी त्यातली भाषा शिकावी.

तिसरा माणूस शेजारच्या लोणीचा. विठ्ठलराव विखे पाटील, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. कालव्याचे पाणी आले होते, ऊस होत होता. पण गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराच्या वहीत पडायचा. साखरेचे कारखाने होते ते खासगी मालकांचे. शेतकऱ्याने स्वतःचा कारखाना काढावा, ही कल्पना त्या काळी चेष्टेची होती. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, दारोदार भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन मिळाले, वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ मिळाले, सरकारही मदतीला आले. 1950–51 च्या हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढची दहा वर्षे गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. विद्वान आणि शेतकरी एका गादीवर बसले ते बरोबरीने, कारण शेतकरी रिकाम्या हाताने गेला नव्हता. आपला वाटा त्याने आधी टाकला होता. सहकार या शब्दाचा अर्थच तो आहे. पुष्कळ टेकू एकत्र बांधले म्हणजे सहकार होत नाही. पुष्कळ पाय एका दिशेने पडले म्हणजे होतो.

यावर कोणी म्हणेल, 'अहो, ती मोठी माणसे! त्यांचे आम्हांला काय सांगता?' ही मराठी माणसाची आवडती पळवाट आहे. आपण थोरांचे पुतळे उंचावर का बसवतो? मान वर करून नमस्कार केला की त्यांच्या खांद्याला खांदा लावण्याची जबाबदारी टळते म्हणून. ज्या दिवशी त्यांनी पाऊल टाकले त्या दिवशी ही माणसे मोठी नव्हती. एक खेड्यातला कुलकर्णी होता, एक नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेली बाई होती, एक चौथी शिकलेला शेतकरी होता. मोठेपण नंतर आले, पावलाच्या मागून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'एकट्याच्या धैर्याने दुष्काळ हटतो काय? धरण एकट्याने बांधता येते काय?' नाही येत. बारागाव नांदूरला मुळेवर धरण झाले म्हणून कितीतरी शिवारे हिरवी झाली; 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीतच आहे, आणि तिथल्या संशोधनाचे वाण दूरदूरच्या शेतांत पोचले. ही कामे समाजाने आणि सरकारनेच करायची. पण धरणाचे पाणी बांधापर्यंत येते. त्यापुढे दारे धरायला आपल्यालाच उभे राहावे लागते. विद्यापीठ वाण देईल; आपल्या वावरात काय पेरायचे, याचा निर्णय कोणताही कुलगुरू देऊ शकत नाही.

शिवाय सरकारकडे मागणे म्हणजे परावलंबन, असेही मी म्हणत नाही. हक्काचे मागणे हे धैर्यच आहे. हक्काचीच गोष्ट कोणाची तरी मेहेरबानी म्हणून मागणे, ही लाचारी. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राला माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला, आणि 2005 साली देशभरासाठी तो झाला. दहा रुपये शुल्क आणि एक साधा अर्ज, एवढ्यावर मोठ्या कचेरीला उत्तर देणे भाग पडते. पण त्या अर्जाखाली स्वतःचे नाव लिहायचे म्हटले की आपला हात थरथरतो. 'नाव कशाला? उगाच डोळ्यांवर यायचे!' मग आपण साहेबांकडे जातो. साहेब फोन करतात, काम होते, आणि जे आपलेच होते त्याबद्दल आपण जन्मभर त्यांचे मिंधे राहतो. सहकारी कारखान्याचा सभासद कागदावर मालक असतो. पण वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' एवढे दोनच शब्द बोलून घरी येतो. आजोबांनी दारोदार हिंडून उभारले ते नातवाने हात वर करून सोडून दिले. मग कुठल्याशा कारखान्याची चाके थांबली की हाच मालक रस्त्यावर उभा राहून विचारतो, आता कोण वाचवणार?

हे व्यसन लागते कुठे? कचेरीत नव्हे, आपल्याच घरी. दिवाळीतला किल्लाच पाहा. पूर्वी पोरे माती कालवीत, दगड रचीत, अळीव पेरीत. बुरूज ढासळला तर पुन्हा बांधीत. आता तयार किल्ला बाजारातून येतो, नाहीतर वडील बांधतात आणि चिरंजीव शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. तोच मुलगा पुढे बावीस वर्षांचा झाला तरी त्याचा अर्ज आई भरते, मुलाखतीच्या दारापर्यंत मामा सोडायला जातो, आणि पहिले अपयश आले की सारे घर म्हणते, 'याला कोणी वाली नाही!' त्याला वाली फार होते, हीच त्याची अडचण.

मुलींच्या बाबतीत तर आपला अन्याय दुहेरी आहे. वीस वर्षे तिला सांगायचे, 'एकटी जाऊ नकोस, भावाला बरोबर घे.' बँकेत एकटी नाही, गावाला एकटी नाही, निर्णय तर मुळीच एकटीने नाही. आणि सासरी संकट आले की तीच माणसे सांगतात, 'आता तुझे तूच सोस.' धैर्य शिकायचे दिवस होते तेव्हा सोबत लादली. सोबतीची खरी गरज होती तेव्हा पाठ फिरवली. लक्ष्मीबाईंचे पुस्तक घराघरांत वाचले जाते, पण लक्ष्मीबाई आपल्या घरात जन्मू नये, अशी व्यवस्था आपण चोख ठेवतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. धैर्य म्हणजे दात-ओठ खाऊन गप्प राहणे नव्हे. कर्जाने, नापिकीने, नापास झाल्याने मन काळवंडले असताना जो माणूस भावापाशी, बायकोपाशी, मित्रापाशी 'मला हे एकट्याने झेपत नाही' असे बोलतो, तो भित्रा नाही. अशा वेळी तोंड उघडणे हेच पहिले पाऊल असते, आणि ते फार अवघड असते. आपल्या मुलखात कितीतरी घरांतले कर्ते पुरुष ते न बोलल्यामुळे गेले. स्वावलंबनाच्या नावाखाली त्यांना गप्प बसायला शिकवणारा समाज त्या पापाचा वाटेकरी आहे. साहेबापुढे हात जोडणे आणि आपल्या माणसाचा हात धरणे यांतला फरक ज्याला कळला, त्याला या लेखातले सारे कळले.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो. आपणही या वर्षी घरात एक वही घालावी. डाव्या बाजूला लिहावे, कोणती कामे दुसऱ्याच्या शब्दावर करून घेतली. उजव्या बाजूला लिहावे, कोणते दार स्वतः ठोठावले, कोणत्या अर्जावर स्वतःची सही केली, कोणत्या सभेत उभे राहून एक तरी प्रश्न विचारला. मुलांचे खातेही वेगळे मांडावे आणि ते त्यांनाच लिहू द्यावे. पुढच्या दिवाळीला जमाखर्च पाहावा. उजवी बाजू कोरी निघाली, तर देवाला, दैवाला आणि सरकारला बोल लावण्याआधी वही मिटू नये. दौत उघडावी आणि पहिली ओळ त्याच दिवशी लिहावी.