दुखणे होते, विचारणारे नव्हते

१/ 'अंगावरून पांढरे जाते' ही तक्रार जुनीच. वैद्यकशास्त्राने मात्र ती बराच काळ 'अविशिष्ट योनिदाह' या नावाखाली ढकलून दिली. म्हणजे कारण ठाऊक नाही.

२/ १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी त्यामागे एका जिवाणूचा हात दाखवला. पुढे त्याला 'गार्डनरेला' हे नाव मिळाले. हितकारक लॅक्टोबॅसिलस घटून इतर अनेक जिवाणू माजतात, हे चित्र नंतर स्पष्ट झाले.

३/ १९८३ मध्ये अ‍ॅमसेल आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या चार खुणा सांगितल्या: पातळ, एकसारखा स्राव, ४.५ हून अधिक पीएच. स्रावावर अल्कलीचा थेंब टाकताच माशासारखा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या पेशी. चारांपैकी तीन पुरेशा. मेट्रोनिडॅझोल हे स्वस्त औषधही तोवर हाती होते.

४/ तरीही १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीचे वास्तव छापून आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, त्यांत जननमार्गाचे संसर्ग मोठ्या प्रमाणात. पूर्वी तपासणी व उपचार झाले होते अवघ्या ८ टक्के स्त्रियांवर.

५/ उणीव ज्ञानाची नव्हती, विचारपूस करण्याची होती. हा आजार अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. उलट योनी आतून धुण्याने तो बळावू शकतो. गरोदरपणात त्याचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळतो. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा प्रश्न आडपडद्याशिवाय विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्या स्त्रीची तपासणीही तिथेच झाली पाहिजे.