मैदानाच्या कडेने : लेस्टरची वही

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते. पण जुनी वही चाळण्याची मौज काही निराळीच. इंग्लंडातल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबाची वहीच पाहा ना!

२००८ साली हा क्लब घसरत घसरत तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला, तोही इतिहासात प्रथमच. वर्षभरात तो सावरला आणि २०१४ साली अव्वल श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये परतला. पण त्याच नाताळात स्वारी तक्त्याच्या तळाला! शेवटच्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकले, म्हणून जीव वाचला. पुढच्या मोसमाच्या आरंभी हा क्लब विजेता ठरण्यावर पैजेचा भाव होता एकास पाच हजार. अन् झाले काय? क्लाउडिओ रानिएरी या इटालियन गुरूच्या हाताखाली ३८ पैकी अवघे ३ सामने हरून, ८१ गुणांनिशी लेस्टर २०१६ साली विजेता!

आता खर्चाची बाजू. पुढच्याच मोसमात संघ घसरू लागला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच रानिएरीच्या हाती नारळ आला! २०२१ साली एफ. ए. कप जिंकला, २०२३ साली क्लब खाली, २०२४ साली वर, २०२५ साली पुन्हा खाली.

तात्पर्य, एका पानावरून वहीची किंमत करू नये. चिरंजीवांचे सहामाहीचे प्रगतिपुस्तक याच सुमारास हाती येते, म्हणून आपले सांगून ठेवतो!