ई-२० पेट्रोलने मायलेज खरंच घटतं का? समजून घ्या इंजिनातलं गणित

'पेट्रोल तेवढंच भरतो, पण गाडी पूर्वीइतकी पळत नाही.' ई-२० आल्यापासून सोशल मीडियावर ही तक्रार सतत दिसते. ही नुसती ओरड आहे की त्यात तथ्य आहे?

ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. त्यासाठी आधी २०३० चं लक्ष्य होतं. सरकारने ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही.

इंजिनात काय होतं?

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. ठिणगी पडली की त्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. त्यातून निघालेल्या उष्णतेने वायू फुगतात आणि पिस्टन ढकलला जातो.

इथेनॉलमध्ये मात्र ऑक्सिजन आधीपासूनच असतो, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. म्हणजे ते जणू थोडं आधीच जळालेलं इंधन आहे. म्हणूनच एक लिटर पेट्रोलमधून साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर इथेनॉलमधून २१.

मग मायलेज किती घटतं?

या हिशेबाने ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी ऊर्जा असते. पण आपण आधीपासून ई-१० वापरत होतो. त्या तुलनेत घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या बाईकसाठी हे झाले पावणेदोन किलोमीटर. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये गाडीनुसार १ ते ६ टक्के घट मान्य केली.

फायदा काहीच नाही?

आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं आणि इंजिनातली 'नॉकिंग' कमी होते. मात्र याचा पूर्ण लाभ जास्त कॉम्प्रेशनसाठी बनवलेल्या इंजिनांनाच मिळतो. जुन्या गाड्यांत उलट रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होण्याची शक्यता असते. देशाची तेल आयात घटते आणि उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना उत्पन्नाचा आणखी एक मार्ग मिळतो, हेही खरं.

खरा प्रश्न

आपण पैसे लिटरवर मोजतो, गाडी मात्र ऊर्जेवर पळते. ऊर्जा कमी मिळणार, म्हणून अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच सुचवलं होतं. त्यामुळे मायलेज घटतं का, यापेक्षा घटलेल्या मायलेजचा भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्न विचारायला हवा.