गोड बोलणं पुरे, नियम सांगा

पीयूसीचा निकाल लागला की आमच्या खासबागेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कॉलेज कुठलं चांगलं, हा नव्हे. "तिथं ऑफिसात कोण बसतंय ओ? मराठी बोलतंय काय?" दिवसभर मागावर राबणाऱ्या आईबापांना ग्रंथालय, प्राध्यापक, निकाल हे सगळं नंतर. आधी खिडकीपलीकडचा माणूस कसा आहे ते बघायचं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. गेली दोन वर्षं गल्लीतल्या पोरापोरींचे फॉर्म भरून देते, लागलं तर सोबतही जाते. इकडची कॉलेजं बघितली, कोल्हापूरकडचीही बघितली. त्यावरून माझं मत सरळ सांगते. प्रवेशाच्या खिडकीवरचा माणूस गोड बोलतो की तुसडेपणाने, यापेक्षा त्याला आपल्याबद्दलचा नियम माहीत आहे का, हे कितीतरी महत्त्वाचं आहे. सीमाभागातल्या मुलांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथंच.

गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा आणि त्याची आई यांच्याबरोबर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात गेले होते. तिथल्या साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा विचारला. "बेळगाव म्हणजे आपलंच की!" म्हणाले. मावशी हरखल्या. मग कागद चाळून साहेब तितक्याच प्रेमाने म्हणाले, "बोर्ड कर्नाटकचं आहे ना? मग तुम्ही महाराष्ट्राबाहेरचे उमेदवार." आपलंच, आणि बाहेरचे! दोन मिनिटांत दोन्ही.

आता नियम काय आहे ते बघा. महाराष्ट्र शासन वादग्रस्त सीमाभागातली ८६५ गावं मानतं. इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेशप्रक्रियेत उमेदवारांचे जे प्रकार आहेत, त्यात 'टाइप ई' आपल्यासाठीच आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार त्यात बसतो. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दाखले जोडावे लागतात. म्हणजे बोर्ड कर्नाटकचं आहे एवढ्यावरून आपण आपोआप बाहेरचे ठरत नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. माहितीपुस्तिकेतलं पान मोबाईलवर काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी आत फोन लावला आणि फॉर्म दुरुस्त झाला.

त्या साहेबांवर माझा राग नाही. माणूस खरंच भला होता. पण पुस्तिका वाचणारं कोणी ज्याच्यासोबत नाही, तो मुलगा त्यांच्या चहावर समाधान मानून परत आला असता. महाराष्ट्रात सीमाप्रश्नावर भाषणं भरपूर होतात. पण ८६५ गावांसाठीची सवलत प्रवेशाच्या खिडकीपर्यंत पोचली का, हे जूनमध्ये जाऊन कोण बघतं?

आता इकडची बाजू. बेळगावातली पदवी कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत, त्याआधी ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. २०२१ पासून पदवीचे प्रवेश यूयूसीएमएस या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. त्यात जात आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो आणि दाखल्यासाठी नाडकचेरी गाठावी लागते. अशाच एका कॉलेजातल्या क्लार्क बाई आठवतात. कन्नड भाषिक, चेहरा कायम कडक, हसणं नाही की विचारपूस नाही. पण माझ्याबरोबरच्या मुलीला कोणते कागद लागतील, कुठून आणायचे आणि शेवटची तारीख कोणती, हे त्यांनी मोडक्या मराठीत सांगत एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एका फेरीत काम झालं. मला विचाराल तर मदत म्हणजे हीच.

पण सगळ्या खिडक्यांवर अशा बाई नसतात. दुसरीकडे "कन्नड येत नाही काय? मग शिका की" असंही ऐकलंय. सूचनाफलक बहुतेक ठिकाणी कन्नड आणि इंग्रजीत. ज्या बापाला फक्त मराठी वाचता येतं, तो शिपायाला विचारतो, शिपाई क्लार्ककडे पाठवतो आणि क्लार्क म्हणतो, "उद्या या." मागवाल्याचा एक दिवस बुडाला म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तीन फेऱ्या झाल्या की घरात विषय निघतो, पोरीला शिकवायचं कशाला?

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही घटनेचं कलम २९(२) शिकतो. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. तोंडावर प्रवेश कोणी नाकारत नाही हे खरं. पण सूचना समजतच नसेल आणि तारीख निघून जात असेल, तर नाकारल्यात आणि यात फरक किती उरला? भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून जी संरक्षणं केंद्राने मान्य केली, त्यात लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा जास्त असलेल्या भाषिक गटाला महत्त्वाच्या सरकारी सूचना त्याच्या भाषेत मिळाव्यात, हे तत्त्व आहे. मग प्रवेशाचा फलक याला अपवाद कशाला?

तिसरा प्रकार तर सगळ्यात गोड. निकालानंतर मोठ्या शहरांतल्या खाजगी कॉलेजांचे फोन सुरू होतात. कौन्सेलर ताई, कौन्सेलर दादा. मराठी हवी तर मराठी, कन्नड हवी तर कन्नड, हिंदीही चालते. रात्री नऊलाही उत्तर मिळतं. म्हणजे भाषेची अडचण सोडवता येते, हे सिद्धच झालं की! जिथं भरमसाट फी आहे तिथं आपली भाषा चालते आणि जिथं हक्क आहे तिथं चालत नाही. त्यांच्या गोडव्याचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करायचा. एकूण फी किती, हॉस्टेल धरून की सोडून, प्रवेश रद्द केला तर परत किती मिळणार, हे विचारा आणि मग आवाज बदलतो का ते ऐका.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खिडकीवरच्या माणसाचा स्वभाव हे आपलं नशीब असू नये. इकडच्या कॉलेजांनी प्रवेशाच्या काळात कागदांची यादी आणि तारखा मराठीतही लावाव्यात. एक पान, वर्षातून एकदा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी आणि सुविधा केंद्रांनी सीमाभागाच्या प्रकाराची माहिती कर्मचाऱ्यांना आधीच द्यावी आणि ती दर्शनी भागात लावावी. दोन्ही राज्यांना यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. २००४ चा दावा चालायचा तेव्हा चालू दे, प्रवेशाची तारीख दरवर्षी येते.

आणि मित्रांनो, आपणही एक सवय लावून घेऊया. कोणी कितीही प्रेमाने "तुमचं होत नाही" म्हणालं, तरी नम्रपणे एवढंच म्हणायचं, "साहेब, कुठल्या नियमाने ते जरा लिहून द्या." त्यावर फार कमी जण लिहून देतात. बहुतेक जण पुस्तिका उघडतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.