हात सरळ होत नाही, म्हणून जोर सोडायचे?

माझा उजवा कोपर पूर्ण सरळ होत नाही. आठवीत असताना साताऱ्यात आंब्याच्या झाडावरून पडलो. हाड मोडले, घरच्यांनी ओळखीच्या माणसाकडून रोज तेल लावून चोळून घेतले आणि सांधा आखडला तो कायमचाच. मोडलेल्या कोपराला जोरात मालीश केल्यास भोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊ शकते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. लोक अजूनही हीच चूक करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

हाताचे दुखणे थांबल्यावर तालमीत गेलो. वस्ताद म्हणाले, "वाकड्या हाताचा जोर आम्ही मोजत नाही." झाले! पुढची पंधरा वर्षे मी व्यायामाचे नाव काढले नाही.

ही मोजणीच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. परंपरा चांगलीच, परंतु ठरलेल्या आकृतीत ज्याचे शरीर बसत नाही त्याने घरी बसावे, असा तिचा अर्थ आपण लावून घेतला. स्नायू बळकट होतो तो त्याच्यावर पडणाऱ्या भाराने. कोपर शेवटचे ३० अंश उघडला नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. रोजची बहुतेक कामेसुद्धा कोपराच्या ३० ते १३० अंशांच्या हालचालीत भागतात.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली. वाकलेला हात आखूड पडतो, त्यामुळे जोर मारताना अंग एका बाजूला कलते आणि खांद्यावर नको तो ताण येतो. पुढे सांगलीस आल्यावर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी उपाय सांगितला, तो अगदी साधा: त्या हाताखाली लाकडी ठोकळा ठेवा, दोन्ही खांदे एका पातळीत येतील एवढ्या उंचीचा. आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्यावर, मग जमिनीवर. सांधा अडतो त्याच्या थोडे अलीकडेच थांबायचे, झटका द्यायचा नाही, खाली सावकाश जायचे. जमिनीवर यायला मला सात महिने लागले. हात ताठ होत नसल्याने वर आल्यावरही स्नायूला विसावा मिळत नाही. माझे बारा जोर मला पुरेसे होतात. गुडघा कमी वाकत असेल त्यांनी बैठक स्टुलापर्यंतच मारावी. मनगट मागे वळत नसेल तर मुठीवर जोर मारता येतात.

एकेकाळी औंध संस्थानात असलेल्या आटपाडी भागातील करगणीचे सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडले आणि त्यांचा एक हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. आणि आपल्याकडे हात अधू असलेल्या मुलाला पी. टी.च्या तासाला दप्तरे सांभाळायला बसवतात!

एक मात्र पाहावे. जुन्या मोडलेल्या कोपरात कित्येक वर्षांनी नस दबू शकते. करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, पकड सैल झाली किंवा सांधा सुजला, तर जोर त्या दिवसापासून बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवावा. तोवर चालणे आणि बैठका चालू ठेवायला हरकत नाही.