बोट लागते ती कानामुळे, मनामुळे नव्हे

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगसाठी होडीत बसताना लाइफ जॅकेट हातात पडतं, पाण्याखालचे फोटो कधी मिळणार हेही कळतं. बोट लागू नये म्हणून काय करायचं, हे सांगण्याची पद्धत मात्र नाही. कुणी ओकू लागलं की लिंबू पुढे येतं आणि सोबत सल्ला, 'मनात आणू नका.' हा सल्लाच चुकीचा आहे. शरीर हेलकावतंय हे अंतर्कर्ण मेंदूला सांगतो, डोळ्यांना मात्र समोरचा बाक किंवा मोबाइल स्थिर दिसतो; त्या विसंगतीतून मळमळ येते. अंतर्कर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण निकामी झालेल्यांना बोट लागत नाही. कोळी बांधवांना कशी लागत नाही, असं कुणी विचारेल. तो सरावाचा भाग. मेंदू लाटांना सरावतो, पण त्याला बहुधा दोन-तीन दिवस लागतात, आणि दोन तासांसाठी आलेल्या सोलापूरकराला ती सवड नसते. निर्धाराने भागलं असतं, तर 1805 मध्ये ट्रफाल्गरची लढाई जिंकून देणाऱ्या नेल्सनला आयुष्यभर हा त्रास झाला नसता.

म्हणून उपाय हवा तो धक्का सोडण्यापूर्वी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. प्रोमेथेझिन किंवा मेक्लिझिनसारखं औषध निदान तासभर आधी पोटात जायला हवं. उलटीवर म्हणून घरोघरी असलेलं ऑन्डान्सेट्रॉन इथे फारसं उपयोगी नाही. या गोळ्यांनी झोप येते हा आक्षेप खराच आहे. स्कूबा करणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत, आणि मद्यासोबत तर कुणीच नाही. पण गोळीविना करण्यासारखंही पुष्कळ आहे. नाळ सर्वांत जास्त वर-खाली होते, मागे डिझेलचा धूर; ज्याला त्रास होतो त्याला मध्यभागी बसवावं, नजर क्षितिजावर ठेवायला सांगावं. सर्वाधिक छळतो तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक. त्यामुळे चालत्या बोटीपेक्षा नांगर टाकून डोलणारी होडी पुष्कळदा अधिक त्रासाची ठरते. तिथे आपली पाळी येईपर्यंत ताटकळत ठेवण्याऐवजी अशा माणसाला आधी पाण्यात उतरवावं.

आणि वेळ. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात, पाणी खवळतं. सकाळी ते बरंच शांत असतं. होडीवाल्यांना हे कुणी शिकवायला नको, ते गिऱ्हाइकाला तिकीट देतानाच कळायला हवं. असं सांगितलं तर लोक घाबरतील, दुपारच्या फेऱ्या रिकाम्या जातील, अशी धास्ती व्यावसायिकांना वाटेल. हंगाम मोजक्या महिन्यांचा असताना ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. मग दुपारची फेरी स्वस्त करावी. दुपारच्या लाटा सकाळच्या भावाने विकू नयेत.